गोदामाच्या दारातल्या चपला

परवा म्हैसूरजवळच्या हूटगळ्ळीला बसमधून उतरले आणि तंबाखूच्या पानांचा वास आला. पूर्वी एकदा आमच्या नृत्यनाट्याच्या बॅले मंडळीला नवा प्रयोग बसवायला जागा मिळत नव्हती, तेव्हा इथल्याच एका तंबाखूच्या व्यापाऱ्याने हंगाम येईपर्यंत आपलं रिकामं गोदाम तालमीला दिलं होतं. पत्रा तापला की भिंतींतून वास सुटायचा. तो आमच्या घुंगरांच्या पट्ट्यांनाही लागला होता. प्रयोग तोंडावर आला आणि एक दिवस ते व्यापारी स्वतः आले. त्यांच्या घरात जुनी म्हैसूरची मराठी, त्यामुळे नाच बसवणाऱ्या आमच्या बाईंना म्हणाले, “अय्यो, माल लवकर आला की हो. गोदाम लागतंय.” बाईंनी वाद घातला नाही. “आलाच आहात तर बघून जा,” म्हणाल्या आणि होती ती एकुलती एक खुर्ची त्यांना दिली. तालीम सुरू करताना आम्ही रोजच्यासारखा वाकून जमिनीला नमस्कार केला. खुर्ची नेमकी समोर होती. ते गडबडून उठले. “छे छे, मला कशाला?” बाई शांतपणे म्हणाल्या, “तुम्हाला नाही, जमिनीला. तिच्यावर पाय आपटणार, म्हणून आधी माफी मागतो.” त्यांनी खाली पाहिलं, बाहेर जाऊन चपला काढून आले आणि सगळी तालीम उभ्यानेच पाहिली. माल त्यांनी घराच्या पडवीत रचला. प्रयोग ठरल्या दिवशी झाला. बरा झाला. परवा सहज त्या गोदामात डोकावले. आत छतापर्यंत तंबाखू रचलेली होती, आणि दाराबाहेर हमालांच्या चपला ओळीने काढून ठेवलेल्या होत्या.