विहिरी मोजणारा वर्ग

आमच्या बी.ए.च्या भूगोलाच्या वर्गाचे किस्से म्हणजे लग्नघरातल्या चपला. एक शोधायला जावं तर पायात दुसऱ्याच चार येतात! परवा नांदेडला सुमनच्या घरी सगळे जमलो. नामदेवनं "त्या शिबिरात..." एवढंच म्हटलं आणि आलेला चहा तसाच निवला.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि पावसानं पाठ फिरवली होती. अहमदपूरच्या कॉलेजात आम्हाला भूगोल शिकवणाऱ्या बिरादार सरांनी ठरवलं, यंदा फळ्यावर नकाशे नाहीत. चाकूरजवळच्या एका गावात दहा दिवस राहायचं, प्रत्येक विहिरीचं पाणी मोजायचं आणि यादी कचेरीत द्यायची. त्या यादीवर गावाचा टँकर ठरणार होता, म्हणजे मार्कांपुरता मामला नव्हता.

*

पहिल्याच दिवशी सरांचा नियम: अंघोळीला माणशी एक तांब्या. नामदेव तालमीतला गडी, अंगानं दोन माणसांचा. तो म्हणाला, "सर, अर्धं अंग आज आन् अर्धं उद्या धुतलं तर चालंल का?"

सर म्हणाले चालेल, फक्त आज कोणतं धुतलं ते वहीत लिहून ठेव. नामदेव पुढं पोलिसात गेला. शिस्त आपल्याला त्या शिबिरात लागली, असं तो सांगतो. आम्हाला ती अजून दिसलेली नाही.

*

विहिरींबरोबर घरोघरची माहितीही घ्यायची होती, ते फॉर्म माझ्याकडे होते. एका म्हातारीला मी रुबाबात विचारलं, "आजी, व्यवसाय काय?" ती सांगत सुटली. रोजगार हमीवर खडी फोडणं, जनावरं, नातवंडं, लांबच्या मळ्यातून डोक्यावर पाणी. मी सगळं एका रकान्यात कोंबलं: घरकाम.

मग तिनं विचारलं, "आन् तू काय करतूस?"

"शिकून राहिलो, आजी."

"मंग लिही की, बिनकामाचा."

पुढं मी बँकेत लागलो आणि जन्मभर लोकांचे फॉर्म भरून घेतले. 'व्यवसाय' हा रकाना आला की मी आधी समोरच्याचं सगळं ऐकून घ्यायचो.

*

विहिरी मोजायला आम्ही दोराला गाठी मारल्या होत्या. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक हात, दर हाताला एक गाठ. एका टोळीचा दोर मी केला, दुसऱ्या टोळीचा नामदेवनं. चौथ्या दिवशी चुकून दोन्ही टोळ्यांनी एकच विहीर मोजली. सकाळी माझ्या दोरानं पाणी वीस हात खाली, दुपारी नामदेवच्या दोरानं सोळा. भर दुष्काळात पाणी चार हात वर चढलं! नामदेव नारळ आणायला निघालासुद्धा.

सुमन वर्षभर वर्गात हजेरीपलीकडे बोलली नव्हती. ती हळूच म्हणाली, "पाणी तिथंच हाय. नामदेवचा हात लांब हाय."

तिच्या वडिलांचं, अप्पांचं, अहमदपूरला कापडाचं दुकान. लोखंडी मीटरवर कापड मोजलेलं बघतच ती मोठी झालेली. तिनं गावच्या शिंप्याकडून टेप आणून नव्या दोराला गाठी मारल्या, आणि सरांनी सगळ्या विहिरी पहिल्यापासून मोजायला लावल्या. उन्हात फिरताना आम्ही तिला मनातल्या मनात लई शिव्या दिल्या.

*

सातव्या दिवशी एसटीतून स्वतः अप्पा उतरले. पांढरं धोतर, कपाळाला भस्म, चेहऱ्यावर हसू नाही. रविवारी सुमनला बघायला पाहुणे येणार होते, तिला न्यायला ते आले होते. जमलं तर कॉलेज बंद, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. सुमनचा चेहरा पार उतरला. मला फार वाईट वाटलं, पण अप्पांपुढं बोलायची कुणाची छाती नव्हती.

सुमन एवढंच म्हणाली की आजच्या दोन विहिरी राहिल्यात. नामदेव दुसऱ्या टोळीत गेलेला, माझ्या हातात फॉर्मांचा गठ्ठा, दोर धरायला माणूस नव्हता. तिनं वडिलांच्याच हातात दोर दिला. "अप्पा, घट्ट धरा. हलवू नका."

ज्यांच्यापुढं दुकानातली माणसं मान वर करत नसत, ते अप्पा धोतर खोचून विहिरीच्या काठावर उभे राहिले. सुमननं आकडा लिहिला. भोवती जमलेल्या बायकांनी पाणी किती दिवस पुरेल विचारलं. तिनं वहीत गुणाकार-भागाकार केला आणि सांगितलं, आठ दिवस, त्याच्या आत टँकर लागणार, तसं मी लिहून देते. अप्पांनी दोराच्या दोन गाठींमधलं अंतर वितीनं पाहिलं. ते बरोबर होतं.

संध्याकाळच्या एसटीनं ते एकटेच परत गेले. पाहुण्यांना काय सांगणार, ते काही कळलं नाही. रविवारपर्यंत सुमन धड जेवली नाही.

*

रविवारचं आम्हाला पुढं सुमनच्या आईनं सांगितलं. पाहुणे ठरल्या वेळेला आले. पोहे झाले, चहा झाला. मग मुलाचे मामा म्हणाले, आता मुलीला बोलवा.

अप्पा म्हणाले, "पोरगी घरी न्हाई. विहिरी मोजून राहिली. झाल्या की कळवतो."

मामांनी विचारलं, "किती राहिल्यात?"

अप्पा म्हणाले, "जिल्हा नवा हाय, पाव्हणं. सगळ्याच राहिल्यात."