बगळ्यांच्या झाडाखालची रिकामी जागा

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत गाडी लावण्यावरून रोज भांडणं व्हायची, तरी फाटकाजवळच्या रेन ट्रीखाली एका गाडीची जागा कायम रिकामी असे. वर बगळ्यांची वसाहत होती. गुडघ्यांमुळे आईचं बाहेर जाणं बंद झालेलं, आणि तिचा पलंग त्याच झाडाकडच्या खिडकीशी. वाळत घातलेल्या कपड्यांवर पांढरे शिंतोडे दिसले की ती "मेल्यांनो" म्हणून जी सुरुवात करायची, ती थेट जेवणापर्यंत.

मग पुनर्विकास आला. नकाशात झाडाच्या जागी गाड्यांचा रॅम्प निघाला. महापालिकेनं खोडावर नोटीस लावून हरकती मागवल्या. आईनं मला लगेच लिहायला बसवलं. "झाड गेलं तर मी दिवसभर बघू काय? तुझं तोंड?"

उद्यान खात्याचे साहेब पाहणीला येणार कळलं आणि आमच्या सेक्रेटरींच्या अंगात आलं. तेही झाडाच्याच बाजूचे, पण साहेब येणार म्हणजे साफसफाई हवी. त्यांनी सकाळीच पाइप लावून विष्ठा, पिसं, काटक्या सगळं धुऊन काढलं आणि खोडाला गेरू-चुना फासला. घरट्यांत पक्षी असल्याचा होता नव्हता तो पुरावा गटारात गेला. मला त्यांचा गळा धरावासा वाटला.

साहेब दुपारी आले तेव्हा बगळे खाडीवर गेलेले, पिल्लंही नेमकी गप्प. साहेब मान वर करून म्हणाले, "घरटी जुनी दिसतात. वापरात नसावीत."

आता सगळं संपलं असं समजून मी त्यांना चहाला घरी आणलं. आईनं खिडकीतून खाली पाहिलं. ड्रायव्हरनं साहेबांची काळी जीप त्या एकुलत्या रिकाम्या जागेत लावली होती. साहेबांच्या गाडीला हटकणार कोण?

आई गुडघे विसरून उठली. "असे कसे जाता, साहेब? थालीपीठ लावते." एक झालं, दुसरं झालं. मग त्यांचं गाव, मुलांची शिक्षणं. दिवेलागणीला खिडकीबाहेर बगळ्यांचा कलकलाट सुरू झाला, तेव्हा कुठे ती म्हणाली, "बरं, या आता."

खाली जीप ओळखू येत नव्हती. काचेवर कुठल्याशा पिल्लानं ओकलेला अर्धा मासा पडला होता. साहेबांनी मासा बघितला, पुन्हा मान वर केली. मग खिशातून पेन काढत म्हणाले, "वापरात आहेत."

रॅम्प मागच्या बाजूला गेला, झाड राहिलं.

नवी इमारत होईपर्यंत आम्ही नाहूरला भाड्यानं राहतो, खूप वरच्या मजल्यावर. कपडे स्वच्छ वाळतात. घड्या घालताना आई प्रत्येक कपडा उलटसुलट करून बघते. काल एक चादर तशीच मांडीवर धरून बसली होती. म्हणाली, "शिव्या घालायलासुद्धा कोणी नाही रे इथं."