दादांनी मान वर केली

आमच्या कॉलनीतले दादा ओझरच्या विमान कारखान्यात फिटर. डोक्यावरून विमान गेलं की सगळी गल्ली वर बघायची. दादा मात्र कोपऱ्यावरच्या हॉटेलात मान खाली घालून बशीतला चहा फुंकायचे.

"तोफ, क्षेपणास्त्र, विमान. देशाच्या आभाळाला तीन चाळण्या हव्यात. एकीतून शत्रू निसटला तर दुसरीत अडकेल," ते म्हणायचे.

"चाळण्या परक्यांच्याच ना, दादा?" हॉटेलवाला डिवचायचा.

"हो. परदेशातून खोक्यात आलेले भाग आम्ही नुसते जोडतो. वर कशाला बघू?"

उसन्या छत्रीखालचं स्वातंत्र्य मलाही बोचायचं.

एका दुपारी आभाळ दणाणलं. दादा बाकड्यावर चढले, मान वर करून ओरडले, "बघा रे! याचा पत्रासुद्धा आम्ही इथेच घडवलाय!"

"आणि बाकीच्या दोन चाळण्या?" हॉटेलवाल्यानं विचारलं.

"त्याही करू. आता हात बसलाय!"

हॉटेलवाल्यानं दादांचा निवलेला चहा ओतून दिला आणि न मागता नवा, वाफाळता कप समोर ठेवला.