पोरं आखूड झाली

आता हसायचं नाही हां, आधीच सांगतो. दिवसभर उसाच्या गाड्या काट्यावर मापणारा मी कारकून. शेरभराची चूक दाखवा, मिशी उतरवीन! अन् तोच मी स्वतःच्या पोरांच्या मापात असा गंडलो, की काय सांगू तुम्हाला!

लढाईचे दिवस होते. मी श्रीरामपूरकडच्या एका साखर कारखान्यात, अन् बायको-पोरं पार जामखेडच्या पलीकडं. एकदा गळीत सुरू झालं की सहा महिने घराचं नाव नाही. बबन सहा वर्षांचा, चिमी चारची. लई आठवण यायची हो! घास हातात घेतला की चिमी दिसायची.

फोटो कुठला त्या काळी? मग बायकोनंच युक्ती काढली. गावच्या मास्तरांकडून पत्र लिहून घ्यायची अन् पाकिटात दोन दोरे घालायची. पांढरा बबनच्या उंचीएवढा, तांबडा चिमीच्या. मी दोऱ्याचं एक टोक जमिनीला टेकवायचो, दुसरं भिंतीवर ताणायचो अन् तिथं कोळशानं रेघ मारायचो. झालं, पोरं पुढ्यात उभी! कामावरून आलो की रेघांशी गप्पा. रेघ बोटभर वर सरकली की खोलीत माझ्यासोबत राहणाऱ्या सायमन फिटरला गूळ-शेंगदाणे!

खोली तशी बरी होती. छताची मधली तुळई तेवढी खाली आलेली, उठता-बसता टाळक्यात बसायची. मध्यंतरी वाळवी लागली, म्हणून आम्ही दोघांनी सगळी जमीन उकरली, ती माती बाहेर फेकली अन् खालची चोपून सारवली. पुढं तुळईही लागेनाशी झाली. बायकोला तसं कळवलंही, म्हटलं, चला, वाकून चालायची अक्कल आली एकदाची.

अन् मग ते पत्र आलं. पांढरा दोरा लावला, तर जुन्या रेघेच्या तीन बोटं खाली! तांबडा लावला. तोही तीन बोटं खाली!

"सायमन! अरे, पोरं आखूड झाली!"

"आरं, पोरं काय कापड हाय व्हय आटायला? जुना दोरा लावून बघ."

जुना कुठला? त्यानं मी सदऱ्याची बटणं लावलेली.

दवाखान्यात पळालो. कंपाउंडर गंभीरपणे म्हणाला, "मुडदूस असेल. हाडं वाकली की उंची जाते."

त्याच्याकडून माशाच्या तेलाची बाटली घेतली अन् गेलो साहेबांपुढं.

"ऐन हंगामात रजा? कशाला?"

"साहेब, पोरं आखूड झाली हो!" अन् चक्क रडलो. साहेबांनी घाबरून चार दिवसांची रजा दिली.

आगगाडीनं नगर, तिथून मोटार, तीही पेट्रोल लढाईवर गेलेलं म्हणून कोळशावर चालणारी. चढ आला की उतरून ढकला! पुढं दोन कोस पायी. रस्ताभर एकच घोर, पोरं उभी तरी राहत असतील का?

घरी पोचतो तर बबन चिंचेवर चढलेला, अन् चिमी खालून ओरडतेय, "दाद्या, मला बी टाक की!"

मी दोघांना धरलं, गुडघे चाचपले, नाक दाबून चमचा चमचा तेल पाजलं. पोरांनी आळी डोक्यावर घेतली. चिमी तर म्हणाली, "आये, ह्यो बाबा नगं!"

बायको पिठाच्या हातानं बाहेर आली. "अवं, झालंय काय तुमाला?"

मी सगळं सांगितलं. रेघा, दोरे, तीन बोटं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"मला सांगा, वाळवीपायी खोलीची जमीन उकरली म्हून तुमीच कळवलं हुतं ना? किती उकरली?"

"असेल चार बोटं."

"अन् रेघा हुत्या तितंच ऱ्हायल्या?"

मी बोटांवर हिशेब केला. जमीन गेली चार बोटं खाली, अन् दोरे उतरले तीनच! म्हणजे पोरं उलट बोटभर वाढलेली! मी दोघांना असं कवटाळलं की चिमीचा तेलकट गाल माझ्या मिशीला पुसला गेला. एवढा आनंद मला पगारवाढीलाही झाला नव्हता.

बायकोनं मात्र बाटली उचलली, चमचा भरला अन् माझ्यापुढं धरला.

"आ करा."

"मी? मी कशाला?"

"तुळई डोक्याला लागत न्हाई म्हून कळवलंत ना? मग आखूड तर तुमीबी झालाय!"