अर्धी राहिलेली झांज

उजवं अंग लुळं पडलं त्या दिवसापासून झिहनी उस्ता एकच गोष्ट मागत होता आणि ती कोणती हे कुणालाच उमगत नव्हतं. वाचा गेलेली. डाव्या हाताचं बोट तेवढं चालायचं. त्या बोटानं तो पांघरुणावर गोल काढायचा. लहान गोल, त्याच्याभोवती मोठा, त्याच्याभोवती आणखी मोठा. त्याच्या बायकोनं, नुरतेननं, आधी तीळ लावलेलं पावाचं गोल कडं आणून दिलं. मग बशी, मग आरसा. शेवटी भिंतीवरचं घड्याळ उतरवून त्याच्या मांडीवर ठेवलं. दर वेळी त्यानं डोळे मिटून घेतले. हल्ली तर तो घास तोंडात तसाच धरून बसायचा, गिळायचाच नाही.

"अहो, काय हवंय ते एकदा सांगा ना!" ती वैतागून म्हणायची, आणि मग आपल्याच बोलण्याची लाज वाटून स्वयंपाकघरात जाऊन रडायची.

इस्तंबूलच्या कडेला, जिथे बसचा शेवटचा थांबा येतो, तिथल्या झांजांच्या कारखान्यात झिहनीनं उभा जन्म काढला. तो ठोक्या होता, त्या कामातला उस्ता, म्हणजे उस्ताद. भट्टीतून आलेली काशाची काळी ताटं ऐरणीवर ठेवून हातोड्यानं ठोकायची, त्यांत आवाज आणायचा, हे त्याचं काम. त्यापायी त्याचे कान निम्मे गेले. घरात मीठ मागायचा तर शेजारीण मीठ घेऊन दारात यायची. आणि बोटांना खोड लागलेली. जेवताना टेबलावर, झोपताना पलंगाच्या कडेवर, बसमध्ये बसला की थेट नुरतेनच्या मनगटावर, टकटक, टकटक. दोन हलके, एक जड, मग श्वासभर थांबा.

"थांबवा हो ती टकटक!" हे नुरतेननं संसारात जितक्या वेळा म्हटलं, तितक्या वेळा नवऱ्याचं नावही घेतलं नसेल. कारखान्यात तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्या काशाचा तिला सवतीसारखा राग होता.

पण ऐरणीवरून कायमचा उठलेल्या माणसाचा हातोडा तिथे ठेवत नाहीत. घरच्या माणसानं येऊन तो न्यायचा असतो. हिक्मेत उस्ताचा तसा निरोप आला. हिक्मेत म्हणजे झिहनीच्या शेजारच्या ऐरणीवरचा, तीस वर्षं त्याच्याशी भांडलेला मित्र. नुरतेन डोक्याला रुमाल बांधून निघाली ती धुसफुसतच.

आत गेली आणि दारातच खिळली. भट्टीतून लालभडक ताट निघालं, मिठाच्या पाण्यात पडलं, फुत्कारलं. पलीकडे एकजण लेथवर काळं ताट फिरवत होता. पात्याचं टोक टेकलं की काळी साल केसासारखी सुटायची आणि खालून सोनं उघडं पडायचं. कोपऱ्यात कुणीतरी तयार झांज लाकडी काठीनं हळूच छेडली. तो आवाज तिच्या छातीतून आरपार गेला. संपेल म्हणून ती वाट पाहत राहिली आणि तो संपेचना. 'हे माझा माणूस करत होता?' तिच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं त्याचे नुसते काळे झालेले शर्ट धुतले आपण, असं वाटून तिला भरून आलं.

"या वहिनी, बसा. चहा घ्या," हिक्मेतनं कानातले कापसाचे बोळे काढले. "कसा आहे आमचा म्हातारा? माझी आठवण काढून शिव्या देतो की नाही?"

"शिव्या दिल्या असत्या तर पेढे वाटले असते, भाऊजी. बोलतच नाहीत."

हिक्मेतनं शेजारच्या जागेकडे पाहिलं. झिहनीची ऐरण रिकामी होती. शेजारी हातोडा आणि त्या दिवशीचा जेवणाचा डबा तसाच पडला होता. तेवढ्यात भट्टीवाला बेद्री आला.

"हिक्मेत, ते बुडाखाली लपवलंयस ते दे. मूस भरतोय मी."

"उद्या देतो रे."

"रोज उद्या! अर्ध्या ठोकलेल्याला दुसऱ्याचा हात लावायचा नाही, हे मला तूच शिकवलंस. वितळू दे की त्याला."

हिक्मेतनं नाइलाजानं बैठकीखालून एक काळं ताट काढलं. मधल्या घुमटापासून ठोक्यांची गोल रांग निघालेली, तिच्याभोवती दुसरी, तिच्याभोवती तिसरी, आणि मग अर्ध्यावर सगळं कोरं. नुरतेननं चहाचा पेला खाली ठेवला.

"हेच!" ती ओरडली. "अहो, हेच मागतायत ते! आणि मी मेली घड्याळ देत बसले!"

बेद्रीनं पुढे केलेला हात मागे घेतला.

"पुरं करा हे, भाऊजी. तुमच्या पाया पडते. ते जेवत नाहीत."

"वहिनी, माझा हात वेगळा. मी धडाधड ठोकतो, त्याची चाल लंगडी. दोन चाली एका ताटात घातल्या की ते मुकं होतं. त्याची चाल मी रोज ऐकली, पण माझा हात चालू झाला की मला माझंच ऐकू येतं."

नुरतेन उठली. झिहनीच्या जागी जाऊन बसली. डबा मांडीवर घेतला आणि झाकणावर बोटाच्या पेरानं वाजवलं. दोन हलके, एक जड, मग श्वासभर थांबा.

लेथ थांबलं. बेद्री टोपी काढून उभा राहिला. हिक्मेतनं झिहनीचा हातोडा उचलला, ताट ऐरणीवर धरलं, आणि तिच्या बोटामागे ठोका टाकला. रांगेभोवती रांग चढत गेली. मध्ये एकदाच तिला हुंदका आला आणि पेर चुकलं, त्यामागे हातोडाही. लगेच तिनं स्वतःला सावरलं. काठापर्यंत पोचले तेव्हा तिचं पेर सोललेलं होतं आणि हिक्मेत लहान पोरासारखा रडत होता.

"तीस वर्षं शेजारी बसून जमलं नाही मला," तो म्हणाला. "तुम्ही कधी शिकलात, वहिनी?"

"शिकतेय कुठली? वैतागत होते," ती म्हणाली.

लेथवर वरची साल निघाली, खळगे तसेच राहिले. मग रिवाजाप्रमाणे झांज काही आठवडे फडताळात निजली. तोवर नुरतेन रोज झिहनीच्या कानाशी ओरडून सांगायची, "येतेय हो तुमची!" आणि तेवढ्या आशेवर तो दोन चमचे सूप घ्यायचा.

हिक्मेतनं ती कापडात गुंडाळून घरी आणली. घुमटात ओवलेल्या चामड्याच्या पट्ट्याला धरून उचलली, काठीनं छेडली. खोली भरली, कपाटातले पेले किणकिणले. झिहनीचे डोळे उघडले ते मोठे झाले. आवाज पुरता विरेपर्यंत तो हलला नाही. मग त्यानं डावा हात पुढे केला.

बोट घुमटापासून निघालं. पहिली रांग, दुसरी, तिसरी. जिथे त्याचा हात संपून हिक्मेतचा सुरू झाला होता, नेमकं तिथे थांबलं. ओठाचा एकच कोपरा हलला.

"ओळखलंस का रे लबाडा!" हिक्मेत हसला. "मला वाटलं होतं, सैतानालाही कळणार नाही."

पण बोट तिथेच राहिलं नाही. बाहेरच्या रांगांवरून फिरत फिरत एका खळग्यावर आलं, इतरांहून किंचित खोल, किंचित वाकडा. तिथे ते बराच वेळ टेकून राहिलं. हिक्मेतकडे त्यानं पाहिलंच नाही. त्यानं नुरतेनकडे पाहिलं.

मग त्यानं तिचं मनगट धरलं, आणि बोट चालू झालं. दोन हलके, एक जड.

आत चुलीवर सूप उतू गेलं, हातही अवघडला, पण तिनं तो सोडवून घेतला नाही.