शाश्वत म्हणजे व्हायवापर्यंत

स्टाफरूमच्या कपाटावर जुने प्रोजेक्ट रिपोर्ट साचतात, तसे हे किस्से साचत गेले. कुणी मुद्दाम ठेवत नाही आणि कुणी काढतही नाही. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका मॅनेजमेंट कॉलेजात मी ‘शाश्वत उद्योजकता’ शिकवते. हे नेमकं काय असतं, असं विचारायचं आता घरच्यांनीही सोडून दिलंय.

*

हा विषय मला मिळाला तो रजेमुळे. तो सुरू करायचा असं ज्या मीटिंगमध्ये ठरलं, त्या दिवशी मी भाचीच्या साखरपुड्याला गेले होते. हजर असलेल्या सगळ्यांनी नम्रपणे अंग काढून घेतलं. मी परतले तोवर टाइमटेबलवर माझं नाव लागलं होतं.

आमचे एचओडी कुलकर्णी सर म्हणाले, “तुमचा या विषयाचा अभ्यास आहेच.”

“कधीपासून, सर?”

“सोमवारपासून.”

*

माझ्या विषयाच्या पहिल्या सेमिनारला सरांनी नवा फ्लेक्स छापू दिला नाही. पर्यावरणाचा कार्यक्रम, त्यात प्लास्टिक कशाला? जुन्याच फ्लेक्सवर पाहुण्यांच्या नावाची पट्टी चिकटवली. पाहुणे ‘कचऱ्यातून संपत्ती’वर रंगात आले, आणि मागे पंख्याच्या वाऱ्याने पट्टी सुटली. खाली आदल्या पाहुण्यांचं नाव. थोड्या वेळाने तेही सुटलं. त्याखाली निघाले आमचे निवृत्त प्राचार्य.

पोरं हसून लोळायला लागली. सर शांतपणे उठले, माइक घेतला आणि म्हणाले, “यालाच रियूज म्हणतात.”

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. पाहुण्यांनीही वाजवल्या, मागे काय झालंय ते न बघता.

*

मुलांचे बिझनेस प्लॅन तपासणं हा वेगळाच भोग आहे. दरवर्षी एकच कल्पना येते: त्र्यंबकेश्वरचं निर्माल्य गोळा करायचं आणि अगरबत्ती बनवायची. यंदा तर जवळजवळ सगळ्या वर्गाने तेच आणलं.

मी वैतागून म्हटलं, “अरे, तुमचे सगळ्यांचे कारखाने चालले तर देवाला फुलं कमी पडतील.”

मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, “म्हणून आमच्या ग्रुपने फुलं विकायचंही ठेवलंय, मॅडम.”

त्याचा प्लॅन खरंच बरा होता. तू स्वतः करशील का हा धंदा, असं मी त्याला विचारलं.

“नाही मॅडम. मी बँकेच्या परीक्षा देतोय.”

*

आता सुनंदाताई. इंदिरानगरात त्यांचं एका शटरचं दुकान. जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवतात. मूळच्या निफाडकडच्या, बोलणं अजून गावचंच. शहरातल्या ज्या कुणाला या विषयात संशोधन करायचंय, तो शेवटी ताईंच्या दारात येतो, कारण दुसरं कुणी सापडत नाही.

मी पहिल्यांदा प्रश्नावली घेऊन गेले, तेव्हा ताईंनी न सांगता पंखा बंद केला. “रेकॉर्डिंग करणार आसाल ना? आवाज येतो त्याचा.” मग प्रत्येक प्रश्नाला ‘पूर्णपणे सहमत’वर खूण करत गेल्या. मी म्हटलं, ताई, आधी प्रश्न तरी वाचा.

“वाचून काय करू? त्या आधीच्या म्याडमला हेच बरं पडलं व्हतं.”

*

माझी सहकारी वैशाली हिची पीएचडी अख्खी ताईंवर आहे. ती तासिका तत्त्वावर शिकवते. पीएचडी झाली तरच कायम होण्याची आशा, नाहीतर दरवर्षी जूनमध्ये नव्याने हात जोडायचे. प्रबंधाचा निष्कर्ष एका वाक्याचा: असा उद्योग टिकतो.

व्हायवाच्या आदल्या आठवड्यात ताईंचा फोन आला. गुडघे साथ देत नाहीत, पिशव्या आता सगळीकडे फुकट वाटतात, दुकान बंद करून गावी लेकाकडे चालल्या होत्या. वैशालीने त्यांना व्हायवाची तारीख तेवढी सांगितली, फोन ठेवला आणि आम्हाला हे सगळं सांगितलं. चहा तसाच राहिला.

कुलकर्णी सर म्हणाले, “व्हायवापर्यंत कुणाला बोलू नका.”

मला सरांचा राग आला. पण खरं सांगायचं तर त्याहून कंटाळा जास्त आला, या सगळ्याचाच.

*

नाशिकला बाहेरचे परीक्षक मिळायला कधीच अडचण येत नाही. पत्र गेलं की होकार येतो, आणि सोबत कुटुंब येतं. व्हायवा दुपारपर्यंत उरकायची आणि त्र्यंबकला दर्शन घ्यायचं, हा रिवाज आहे.

हे परीक्षक मात्र सकाळी उतरले आणि म्हणाले, “आधी तुमचा तो उद्योग बघू. मग प्रश्न विचारतो.”

त्यांची गाडी पुढे, माझी स्कूटर मागे. वैशाली माझ्यामागे बसली होती. सिग्नलला म्हणाली, “मी तिथे गेल्यावर सगळं खरं सांगून टाकणार आहे.” मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

इंदिरानगरात वळलो तर पाटी जागेवर. शटर उघडं. आतून मशीनचा आवाज. ताई मान खाली घालून पिशवी शिवत होत्या, पायडल जोरात चाललं होतं. वैशालीने तोंड उघडलं, पण ताईंनी तिच्याकडे बघितलंच नाही.

परीक्षकांनी दारातूनच फोटो काढला. “पुढच्या काही वर्षांचं नियोजन काय आहे तुमचं?”

“चालू राहील की. मी कुठं चालले?” ताई म्हणाल्या. पाय थांबला नाही.

ते खूश होऊन गाडीकडे गेले, वैशालीला “या लवकर” म्हणाले. आम्ही दोघी आत गेलो. मशीन अजून चालूच होतं. मी पिशवीकडे बघितलं, मग सुईकडे.

सुईत दोराच नव्हता.

ताईंनी पायडल थांबवलं, गुडघ्यावर हात ठेवला. “जा आता, नीट परीक्षा दे. आन संध्याकाळी दोघी या जरा, पाटी उतरवायला.”