मामाजींनी कोळी मारला नाही

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे खुशालराव, यांनी आयुष्यात मुंगीसुद्धा मारली नाही. हिवरखेडात कुणालाही विचारा. महानुभाव पंथाचा उपदेश घेतल्यापासून घरात विंचू निघाला तरी ते त्याला चिमट्यात धरून बांधावर सोडून येत. गावाला याचं फार कौतुक. मलाही होतं, खोटं कशाला बोलू. माहेरी, अकोल्याला जठारपेठेत, मी असे सासरे मिळाले म्हणून मिरवलेही.

गेल्या वर्षी आम्ही शेतात कांद्याच्या बियाण्याचं पीक घेतलं. कांद्याच्या फुलांच्या गोंड्यात बी भरायचं तर मधमाश्या हव्यात, म्हणून मी अकोल्याला प्रशिक्षण घेतलं आणि सातेरी माश्यांच्या पेट्या आणून शेतात मांडल्या. या घरात भांड्यांवरसुद्धा सासऱ्यांचं नाव कोरलेलं. माझं म्हणावं असं पहिलं काही आलं ते या माश्याच.

मामाजींना त्यांचा लळा लागला. सकाळी बांधावर बसून ते त्यांची ये-जा बघत. एकदा त्यांना पांढऱ्या गोंड्यावर एक माशी डोकं खुपसून बसलेली दिसली. रस पीत असेल, असं त्यांना वाटलं. पण ती हलेचना. जवळ जाऊन पाहिलं तर तिच्याखाली एक कोळी होता, गोंड्याइतकाच पांढरा. जाळं नाही, धावाधाव नाही. पुढचे पाय खेकड्यासारखे पसरून त्याने तिची मान धरली होती. मामाजींनी मला हाक मारली.

प्रशिक्षणात ऐकलं होतं ते मी सांगितलं. असे काही कोळी आपल्या डोळ्याला फुलात दिसतच नाहीत, पण मधमाशीची नजर वेगळी. तिला कोळी बसलेलं फूलच जास्त खुललेलं दिसतं आणि ती नेमकी तिथेच उतरते.

"म्हंजे मरनच चांगलं दिसून रायलं तिले," मामाजी म्हणाले. "वाघ बरा. दिसते तरी."

त्यांनी तो कोळी कागदावर घेतला आणि बांधावरच्या सूर्यफुलावर नेऊन सोडला. काही दिवसांनी पाहतात तर कोळी तिथे पिवळाधमक झालेला आणि त्याच्या तोंडात दुसरी माशी. हा घाव त्यांना फार लागला, कारण याला तिथे त्यांनीच बसवलं होतं. मग जेवताना तोच विषय, झोपताना तोच.

"मामाजी, खाऊ द्या," मी म्हणायची. "खाऊन खाऊन किती खातीन? पेटीत हजारो हायेत." पण मला कोण विचारतो.

रिद्धपूरला दर्शनाला निघाले तेव्हा पिशवी खांद्याला अडकवून ते माझ्या नवऱ्याला म्हणाले, "किशोर, मी येईपर्यंत त्या कोयाचा काई बंदोबस्त कर. काय करशीन थे मले सांगू नको."

मी चुलीपाशी होते, ऐकलं, आणि म्हाताऱ्याची कुरकुर म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी मी एका साखरपुड्यासाठी माहेरी गेले. किशोरने बापाचा शब्द कधी मोडला नाही, तोही मोडला नाही. भर उन्हात, गोंडे माश्यांनी भरलेले असताना, त्याने फवारा मारला. कोळी म्हणजे कीड आणि माशी म्हणजे माझी, अपेक्षाची, एवढं औषधालाही कळेल असं त्याला वाटलं असावं.

मी परत आले आणि पेटीला कान लावला. आत काही नव्हतं. पेट्यांसमोरची जमीन मेलेल्या माश्यांनी झाकली होती. काही अजून पाय हलवत होत्या. मी तिथेच बसून रडले.

"तुया माशा वाचाव्या म्हनून तं मारलं," किशोर म्हणाला. तो खरं बोलत होता, म्हणून त्याच्यावर धड रागावताही येईना.

मामाजी आले ते थेट शेतात. डोळे भरले होते त्यांचे, तेही खोटे नव्हते. मग म्हणाले, "मी फवार म्हनलं नव्हतं बाई."

"नाई म्हनलं."

"जीव मार म्हनून मी कोनाले सांगन काय?"

दुसऱ्याच्या हाताने विंचू मारावा, असं आपल्याकडे म्हणतात. मामाजींनी तर आपण मारायला सांगतोय हे स्वतःलाही कळू दिलं नव्हतं. माघारी वळताना ते एकेक पाऊल उचलून, जागा बघून टाकत होते, मेलेली एकही माशी पायाखाली येऊ नये म्हणून. ते पाहिलं आणि माझं डोकं फिरलं.

"मामाजी," मी म्हणाले, "पुढच्या वेळी तुमच्या हातानंच मारा. चप्पल घ्या अन् मारा. कोयीच मरतीन फक्त."

ते थांबले. मग तसेच, पाय जपत, बांधाकडे गेले.